ट्रॅकर चालू, तरी तारे पळतात : बेळगाव-खानापूरकडचा नेहमीचा बिघाड आणि तपासायचा क्रम

"मामा, तारं परत पळाल्यात बघा."

अमावास्या जवळ आली की भाच्याचा हा मेसेज ठरलेला. सोबत एक फोटो, आणि त्यात मृग नक्षत्राच्या जागी तांदळाचे दाणे सांडल्यासारखं काहीतरी. आता तो एकटा नाही; त्याचे मित्र, मित्रांचे मित्र, निपाणीचा एक डॉक्टर, चिकोडीचे एक मास्तर, सगळे आपापला ट्रॅकर पिशवीत घालून माझ्याकडे येतात. ट्रॅकर म्हणजे आकाश फिरतं त्याच वेगाने कॅमेरा फिरवून ताऱ्यांच्या मागे नेणारं छोटं यंत्र; त्याचा फिरायचा अक्ष ध्रुवाकडे लावावा लागतो. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा, पण रात्रीच्या आकाशाचं वेड जुनं आहे. आतापर्यंत डझनभर तरी यंत्रं माझ्या हाताखालून गेली असतील. त्यात खरोखर बिघडलेलं एकच निघालं. बाकी सगळीकडे दोष होता तो बॅटरीत, जमिनीत, सैल स्क्रूत, किंवा आपल्या भागात फार खाली लोंबणाऱ्या ध्रुवताऱ्यात. म्हणून नवीन ट्रॅकर घ्यायच्या आधी हा क्रम एकदा करून बघा.

आधी रेघ वाचा

फोटो शंभर टक्के मोठा करा. मध्यभाग बघा, मग चारी कोपरे. रेघ कशी आहे त्यावर दोष कुठे शोधायचा ते ठरतं.

सगळे तारे एकाच दिशेने लांबलचक ओढले गेलेत, ट्रॅकर नसता तरी असेच आले असते, किंवा त्याच्या दुप्पट: यंत्र फिरत नाहीये, चुकीच्या वेगाने फिरतंय किंवा उलटं फिरतंय.

दर फ्रेममध्ये सारखीच, लहानशी रेघ, आणि तासाभराच्या फ्रेम एकापाठोपाठ एक पाहिल्या तर अख्खं चित्र एका बाजूला सरकत गेलेलं: अक्ष ध्रुवाकडे नीट लागलेला नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त हेच.

चार-पाच फ्रेम स्वच्छ, मग चार-पाच खराब, पुन्हा स्वच्छ: यंत्रातल्या चाकाच्या दात्यांचा फेरा किंवा बिघडलेला तोल.

ताऱ्याला आकडा किंवा शेपूट आलंय, एकाचे दोन दिसतायत: धक्का. वारा, पाऊल, लोंबणारी केबल.

तारे गोल आहेत पण फुगलेत, आणि प्रत्येक फ्रेमगणिक जास्त फुगतायत: दव. ट्रॅकरचा संबंधच नाही.

मधले तारे टिंबासारखे आणि फक्त कोपऱ्यांतले पंख फुटल्यासारखे: लेन्सचा स्वभाव. ॲपर्चर एक-दोन घरं बंद करा, एफ २.८ वरून एफ ४ वर या, आणि पुढचं वाचायची गरज नाही.

फुकटातली तपासणी : वीज, बटण, वेग

हे घरी, दिवसाढवळ्या करायचं. ट्रॅकर टेबलावर ठेवा. फिरणाऱ्या तबकडीवर आणि न फिरणाऱ्या अंगावर मिळून एक कागदी चिकटपट्टी लावा, सांध्यावर ब्लेडने कापा आणि दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर पेन्सिलीची बारीक रेघ मारा. यंत्र चालू करून तासभर आपलं काम करा. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा घेते, म्हणजे तासाला साधारण १५ अंश. तबकडीचा व्यास ८ सेंटीमीटर असेल तर तासाभरात दोन रेघांत सुमारे एक सेंटीमीटर अंतर पडायला हवं. अर्धाच पडलं तर वेगाचं बटण अर्ध्या गतीवर आहे. जमिनीवरचा देखावा आणि आकाश एकत्र टिपण्यासाठी तो वेग दिलेला असतो. काहीच पडलं नाही तर क्लच (तबकडीला मोटरशी आवळून धरणारी पकड) सैल किंवा वीज नाही. आणि दिशा? ध्रुवाकडे तोंड करून उभं राहिलं की आकाश घड्याळाच्या उलट फिरतं, तबकडीही तशीच फिरली पाहिजे. उलटी फिरत असेल तर उत्तर-दक्षिण गोलार्धाचं बटण दक्षिणेवर पडलंय. पिशवीत घासून ते बटण आपोआप सरकतं. मी त्यावर चिकटपट्टीच मारून टाकलीय.

आता पॉवर बँकेची गोष्ट, कारण हिने कित्येक रात्री वाया घालवल्यात. ट्रॅकर फार थोडा करंट ओढतो. बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं मोबाईल फुल झाला, आणि त्या गुपचूप बंद होतात. काही ट्रॅकर मग आतल्या बॅटरीवर चालतात, काही जागच्या जागी थांबतात, आणि अंधारात ते कळतच नाही. उपाय सोपा: दव टाळायचा लेन्स हीटर त्याच पॉवर बँकेला जोडा. हीटर भरपूर करंट खातो, त्यामुळे पॉवर बँक जागी राहते. एका खर्चात दोन कामं. सेलवर चालणारा ट्रॅकर असेल तर सेल सगळे एकदम बदला, नवे-जुने मिसळू नका.

तिपाई आणि तिच्याखालची जमीन

खानापूर-जांबोटीकडे जांभा, चिकोडी-निपाणीकडे काळी माती. जांभ्यावर तिपाई खडखडीत उभी राहते, पाय फक्त खाचेत नीट बसले पाहिजेत. काळ्या रानात मात्र पाय तासाभरात बोटभर खचतो, तोही तिन्ही पाय सारखे नाहीत, आणि अकरा वाजता लावलेला अक्ष बारा वाजता भलतीकडेच बघत असतो. पायांखाली फरशीचे तीन तुकडे ठेवा. माझ्या गाडीच्या डिकीत शहाबादी फरशीचे तीन उरलेले तुकडे कायम असतात. या छंदातलं माझं सगळ्यात कामाचं सामान तेच, आणि त्याला एक पैसा लागलेला नाही.

तिपाईचा मधला दांडा वर काढू नका. पाय पूर्ण लांब करू नका. मध्ये दगड भरलेली पिशवी लटकवा, पण ती जमिनीला किंचित टेकलेली हवी; हवेत झुलणारी पिशवी म्हणजे लंबकच. तिपाईचा एक पाय उत्तरेला ठेवा. आपल्याकडे ट्रॅकर जवळजवळ आडवा पडतो आणि कॅमेऱ्याचं वजन उत्तरेच्या बाजूला पुढे जातं, ते त्या पायाने पेललं पाहिजे.

सैल सांधा शोधायची एक खूण सांगतो. सगळं लावून झालं की लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा दहापट मोठा करून मधोमध आणा. मग लेन्सच्या टोकाला एका बोटाने हलकं ढकला आणि सोडा. तारा हलून परत तिथेच आला तर सांधे घट्ट आहेत. नव्या जागी जाऊन बसला तर काहीतरी सैल आहे: बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवायचा गोल सांधा), खालची क्विक रिलीज प्लेट, वेजचा (ट्रॅकरला ध्रुवाच्या कोनात तिरकं धरणाऱ्या तळाचा) स्क्रू किंवा क्लच. एकेक आवळत पुन्हा ढकला. बहुतेक वेळा प्लेटच निघते, आणि तिला लागणारी ॲलन की घरी राहिलेली असते. ती पट्टीने तिपाईच्या पायालाच बांधून ठेवा.

लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. शटर बोटाने दाबायचं नाही, ठरलेल्या वेळाने आपोआप फोटो घेणारा इंटरव्हॅलोमीटर लावायचा. त्याची केबल चिकटपट्टीने तिपाईला बांधायची, थोडी ढील ठेवून.

दव

पावसाळा संपला की बेळगावच्या रात्री ओल्या होतात. ऑक्टोबरपासून मध्यरात्रीनंतर गाडीची काच पुसावी लागते, तीच गत लेन्सच्या काचेची. टॉर्च तिरपी मारून काच बघा. धुरकट थर दिसला की निदान झालं. पुसू नका, ओली काच पुसली की डाग पडतात. हीटरची पट्टी पुढच्या काचेच्या लगेच मागे गुंडाळा आणि दव पडायच्या आधी चालू करा, नंतर नाही. पट्टी चढवताना फोकसची रिंग हलते, तेव्हा फोकस त्यानंतर करा आणि रिंगवर चिकटपट्टी मारा. हीटर नसेल तर लेन्स हूड लावा, थोडा वेळ निभतं.

तोल

लहान लेन्स थेट बॉल हेडवर असेल तर हा भाग सोडून द्या. १३५ मिलिमीटरच्या पुढे गेलात की काउंटरवेटचा (कॅमेऱ्याला तोल देणाऱ्या वजनाचा) दांडा हवाच. क्लच सैल करा, दांडा आडवा धरा, सोडा. कुठल्याच बाजूला पडला नाही म्हणजे तोल जमला. मग वजन अगदी थोडं सरकवून पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा. असं केल्याने दाते एकाच बाजूने टेकून राहतात, मधल्या फटीत खुळखुळत नाहीत. दांडा उभा होऊन पलीकडे कलला की जड बाजू पश्चिमेला जाते. "बारापर्यंत सगळं झकास होतं, मग बिघडलं" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. तेव्हा वजन पुन्हा बोटभर सरकवा.

डब्यावर ३ किंवा ५ किलो पेलेल असं लिहिलेलं असतं. लांब लेन्ससाठी मी त्याच्या निम्म्यापुढे जात नाही.

खरी भानगड : १६ अंशांवरचा ध्रुव

ध्रुवतारा क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाइतकाच वर असतो. बेळगाव १५.८५ अंशांवर, खानापूर १५.६ च्या आसपास, चिकोडी-निपाणी १६.४. म्हणजे आपला ध्रुव जमिनीपासून जेमतेम १६ अंश. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश झाकते. दीड मूठ मोजली की ध्रुव. तिथे धूळ असते, धुकं असतं, झाडं असतात आणि ऊस असतो.

उसाचा हिशेब करून ठेवलाय. ऊस साडेतीन मीटर उंच, ट्रॅकर सव्वा मीटरवर. ध्रुव दिसायला उसापासून निदान ८ मीटर दक्षिणेला उभं राहावं लागतं. दहा मीटरचं झाड असेल तर ३० मीटर. ढोबळ नियम: अडथळा ट्रॅकरपेक्षा जितका उंच, त्याच्या साडेतीनपट मागे या. बांधावर तिपाई लावून "ध्रुव दिसेना" म्हणणारे मास्तर दहा पावलं मागे आले आणि प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट शहराच्या उजेडाची. अंधार हवा म्हणून लोक खानापूरला जातात. पण खानापूरहून बेळगाव बरोबर उत्तरेला, म्हणजे शहराचा सगळा उजेड नेमका ध्रुवाच्या खाली. आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला मस्त दिसतो, आणि ट्रॅकर लावायला ध्रुवच सापडत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला गेलात तर बेळगावचा उजेड ईशान्येला जातो आणि उत्तरेला चंदगडच्या बाजूचा अंधार मिळतो. काकतीच्या पुढे उत्तरेला गेलात तर ध्रुव छान, पण दक्षिणेचा गाभा शहराच्या उजेडात बुडतो. मी जांबोटीकडेच जातो. रस्त्याकडेची मोकळी, ओळखीच्याची जागा बघायची. भीमगडच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री शिरायचं नाही. तिथे गवा आणि अस्वल आहे, आणि त्यांना तुमच्या एक्स्पोजरची फिकीर नाही.

ध्रुव ओळखायचा कसा? फेब्रुवारी ते मे संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला असतात. त्यांच्या चौकोनातल्या, शेपटीपासून लांबच्या बाजूच्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ क्रतूच्या पुढे पाचपट न्या. दिवाळीनंतर संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहाचा वाकडातिकडा एम धरून अंदाज घ्या. मोबाईलचा कंपास चालतो, आपल्याकडे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत फरक एक अंशाच्या आसपासच आहे. पण मोबाईलच्या कव्हरला चुंबक असेल तर ते काढा, आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून दिशा बघू नका. भाच्याने हे दोन्ही एकदम केलं होतं; त्याची उत्तर सावंतवाडीकडे निघाली.

वेजवर छापलेल्या अंशांच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. मोबाईलमधलं कोन मोजायचं ॲप उघडा, मोबाईल वेजच्या सपाट भागावर ठेवा आणि १६ करा. त्याआधी तिपाईचा पाणसळ बुडबुडा मध्ये आणा, म्हणजे ध्रुव पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरच्या अक्षातून ध्रुवाकडे बघायच्या छोट्या दुर्बिणीत) पहिल्याच फटक्यात येतो.

आता बहुतेक जण चुकतात ती जागा. ध्रुवतारा म्हणजे ध्रुव नव्हे. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो सुमारे ०.६ अंश लांब आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडं जास्तच. त्याला स्कोपमधल्या फुलीच्या मधोमध आणून ठेवलं की तेवढी चूक पक्की. तेवढ्याने किती बिघडतं ते मोजता येतं. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, फोकल लेंथने भागा. माझा पिक्सेल ४ मायक्रॉनचा, लेन्स २०० मिलिमीटर. एका पिक्सेलमध्ये ४ सेकंद कोन बसतो (हा सेकंद वेळेचा नव्हे, अंशाचा ३६०० वा भाग). अक्ष एक अंश चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त १६ सेकंद कोन सरकतो, म्हणजे ४ पिक्सेल. ०.६ अंशाला अडीच पिक्सेल. तारा गोल ठेवायचा तर चूक पाव अंशाच्या आत हवी. उलट २४ मिलिमीटरच्या लेन्सने दोन अंशांची चूकही दोन मिनिटांत दोन पिक्सेलपेक्षा कमी दिसते. म्हणून सुरुवात रुंद लेन्सने करा असं मी सगळ्यांना सांगतो, आणि सगळे पहिल्याच रात्री २०० लावतात.

तर ध्रुवताऱ्याची जागा दाखवणाऱ्या मोबाईलच्या ॲपमध्ये वेळ आणि जागा बरोबर आहे ना ते बघा, आणि ॲपने ध्रुवतारा वर्तुळावर जिथे दाखवलाय तिथे तो स्कोपमध्ये आणा. दोन फसगती लक्षात ठेवा. पोलर स्कोपमधून चित्र उलटं दिसतं. ॲप डोळ्यांना दिसतं तसं दाखवत असेल तर तुम्ही तारा बरोबर समोरच्या बाजूला ठेवाल आणि चूक दुप्पट होईल. आणि स्कोपची घड्याळासारखी तबकडी ट्रॅकरबरोबर फिरते. १२ चा आकडा बरोबर वर आणल्याशिवाय तारा बसवून उपयोग नाही.

१६ अंशांवरच्या पोलर स्कोपमधून बघायचं म्हणजे मान मोडून तिपाईखाली शिरायचं. काटकोनी आयपीस जरूर घ्या. ट्रॅकरनंतर मी विकत घेतलेली पहिली वस्तू तीच, आणि माझ्या मते लेन्स हीटरच्याही आधी तिचाच नंबर. हिरवा लेझर लावून अक्ष दाखवतात काही जण. सांब्र्याला विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं आहे, या भागात आकाशात लेझर मारूच नका.

शेवटचं: स्क्रू आवळताना अक्ष हलतो. कॅमेरा चढवल्यावर वेज वाकतो. म्हणून सगळं वजन चढवून, सगळं आवळून मग पुन्हा एकदा स्कोपमध्ये बघा. हे एक केलं तरी निम्म्या तक्रारी संपतात.

ध्रुव दिसतच नसेल आणि जागा बदलता येत नसेल तर मृगाची मदत घ्या. मृगाच्या पोटातले तीन तारे खगोलीय विषुववृत्ताजवळ आहेत, त्यातला सर्वांत पश्चिमेचा तर जवळजवळ चिकटूनच. मृग डोक्यावर मधोमध आला असताना दोन मिनिटांचा फोटो घ्या. तारे उत्तरेकडे सरकत असतील तर अक्ष पश्चिमेला जास्त वळलाय, दक्षिणेकडे सरकत असतील तर पूर्वेला. केसभर फिरवा, पुन्हा फोटो. रेघ लहान होतेय तोवर त्याच बाजूला जा. उंचीची चूक काढायला हेच पूर्वेला उगवणाऱ्या ताऱ्यावर करा: उत्तरेकडे सरकला तर अक्ष फार उंच, दक्षिणेकडे तर फार खाली. वेळखाऊ आहे, पण थर्मासमध्ये चहा असेल तर जमतं.

स्कोपच तिरका असेल तर

एवढं करूनही दर वेळी तेवढीच चूक राहिली तर पोलर स्कोप यंत्राच्या अक्षाशी समांतर नसेल. दिवसा तपासा. लांबच्या मोबाईल टॉवरचं टोक फुलीवर घ्या आणि ट्रॅकर अर्धा फेरा फिरवा. टोक फुलीवर राहिलं तर स्कोप ठीक. सरकलं तर बाजूच्या तीन बारीक स्क्रूंनी निम्मी चूक काढा, उरलेली वेजने, आणि पुन्हा फिरवा. एक स्क्रू सैल केल्याशिवाय दुसरा आवळायचा नाही. तिन्ही एकदम सोडले तर आतली काच खाली पडते. हात थरथरत असेल तर दुसऱ्याकडून करून घ्या.

दहा मिनिटांचा फेरा

बऱ्याच लहान ट्रॅकरमध्ये १४४ दात्यांचं चाक असतं, म्हणजे वर्मचा (ते चाक फिरवणाऱ्या आटेदार दांड्याचा) एक फेरा जवळपास १० मिनिटांचा. त्या फेऱ्यात यंत्र थोडं पुढे, थोडं मागे होतंच. ३० सेकंदांच्या फ्रेम सलग २५ मिनिटं घ्या. चांगल्या-वाईटाची लय दर दहा मिनिटांनी येत असेल तर तो यंत्राचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. एक्स्पोजर कमी करा, फ्रेमची संख्या वाढवा, खराब फ्रेम टाकून द्या.

इथे हात थांबवा

करकर आवाज येतोय, क्लच घट्ट असूनही तबकडी हाताने फिरते, दोन वेगवेगळ्या विजेवर, दोन वेगवेगळ्या केबलने यंत्र चालू होत नाही, आतली बॅटरी फुगलीय किंवा जळका वास येतो, पाण्यात पडलंय. यातलं काहीही असेल तर यंत्र बंद करा. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. सैल झालेला चार्जिंगचा पोर्ट चांगला मोबाईल दुरुस्तीवाला बदलून देतो, पण गिअरला त्याला हात लावू देऊ नका. ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं किंवा दुर्बिणींच्या माउंटची दुरुस्ती करणाऱ्याचं. वॉरंटी असेल तर झाकणाचा एकही स्क्रू काढू नका.

मी एकदा काढला होता. वर्मची फट जरा जास्त वाटली म्हणून पाव फेरा आवळला. त्या रात्री यंत्र छान चाललं, दुसऱ्या दिवशी मोटर अडखळायला लागली, आणि चाकाच्या एका बाजूला पितळेचा चुरा दिसला. डझनभरात खरोखर बिघडलेलं म्हणालो ते हेच, आणि ते माझं स्वतःचं होतं. दुरुस्तीला पाठवताना सोबत चिकटपट्टीच्या रेघांचा फोटो आणि २५ मिनिटांच्या फ्रेम दिल्या, त्यामुळे तिथल्या कारागिराला फोनवर पुन्हा पुन्हा विचारावं लागलं नाही. तुम्हीही पाठवाल तेव्हा एवढं सोबत द्या.